देवीचे वण आणि खणआळीतले फोटोवाले

आधीच सांगते, दुकानाचं नाव लिहिणार नाही. मालकांनीच तसं बजावलंय. "सिस्टर, काय लिहायचं ते लिहा, पण नाव नको. आत्ताच कामं वेळेवर होत नाहीत, त्यात गर्दी झाली तर लोक दारात येऊन भांडतील." ज्यांना जायचंच आहे त्यांनी साताऱ्यात मोती चौकातून खणआळीत शिरावं आणि जुन्या फोटोंची कामं करणारे कुठे बसतात, असं कुठल्याही कापडाच्या दुकानात विचारावं. वर जायला लाकडी जिना आहे. सोळा पायऱ्या, दोराला धरून चढायचं. माझ्यासारखे गुडघे असतील तर खालूनच हाक मारा, त्यांची सून खाली येऊन पाकीट घेऊन जाते.

मी आरोग्य खात्यात छत्तीस वर्षं काढली. आधी एएनएम, म्हणजे गावोगाव फिरणारी नर्स, निवृत्त झाले ती एलएचव्ही, म्हणजे त्यांच्यावर देखरेख करणारी म्हणून. जावळी, पाटण, कोरेगाव, तिन्ही तालुके पायाखालून गेलेले. आईसुद्धा नर्सच. कोरेगावकडची मुलगी 1944 साली मुंबईला कामा हॉस्पिटलात शिकायला गेली, ही त्या काळात घरात भांडणं लावणारी गोष्ट होती. आई वारल्यावर तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत लुगड्याच्या घडीत चार फोटो सापडले. ते नीट करून घ्यायचे होते. शिवाय 12 मेच्या परिचारिका दिनाला आम्ही काही निवृत्त सिस्टरांनी छोटं प्रदर्शन मांडायचं ठरवलं होतं, त्यासाठी प्रिंट आणि फ्रेमा हव्या होत्या. अशी दोन कामं घेऊन मी तो जिना चढले.

चारातला एक फोटो महत्त्वाचा. दहा बाय बाराचा, जाड करड्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला. सोळा शिकाऊ नर्सा, पांढरी पातळं, पदर डोक्यावरून घेऊन पिनेने लावलेले. मधे खुर्चीत डॉ. जेरुशा झिराड. आई त्यांना कायम "झिराडबाई" म्हणायची आणि आवाज आपोआप खाली आणायची. फोटोचा खालचा उजवा कोपरा कसरीने खाल्लेला, दोघींच्या पायावरून एक आडवी चीर गेलेली, आणि कडेने सगळीकडे आरशासारखी निळसर झाक.

या दुकानात येण्याआधी मी एक चूक केली होती. दुसऱ्या एका ठिकाणी हाच फोटो दिला. कुठल्या ते सांगण्यात अर्थ नाही, हल्ली बऱ्याच ठिकाणी हेच चालतं. काउंटरवरच्या मुलाने मोबाइलने फोटोचा फोटो काढला, कुठल्याशा अ‍ॅपमध्ये टाकला आणि दहा मिनिटांत "घ्या मावशी, एकदम नवा" म्हणून चकचकीत कागद हातात दिला. बघते तर सोळाही जणींना एकच नाक. सगळ्यांचे ओठ लिपस्टिक लावल्यासारखे. मागच्या ओसरीचा खांब वितळून एकीच्या खांद्यात गेलेला. आणि आईचे गाल सायीसारखे गुळगुळीत.

"ही कोण?" म्हणलं.

"तुमच्या आईच की."

"माझ्या आईला लहानपणी देवी आल्या होत्या. तोंडभर वण होते तिच्या."

"मग ते काढलं ना. बरं दिसतंय उलट."

त्या पोराची काही चूक नाही, त्याने देवी बघितलेल्या नाहीत. 1975 साली त्या देशातून गेल्या, तेव्हा त्याचे वडील शाळेत असतील. पण आईने त्याच तोंडावर अख्खी नोकरी केली होती. लसीकरणाला गावात गेली की बाया पोरांना कणगीमागे लपवायच्या. आई अंगणातच बसकण मारायची आणि म्हणायची, "माझ्या तोंडाकडं बघा, मग ठरवा." बहुतेक वेळा तेवढ्यावर काम व्हायचं. ते वण पुसले म्हणजे तिच्या हातातलं हत्यारच काढून घेतलं की हो. कागदाचे ऐंशी रुपये दिले आणि घरी येऊन तो कागद गव्हाच्या डब्याच्या तळाला घातला.

आता खणआळी.

मालक साठीच्या पुढचे. डार्करूममध्ये आयुष्य गेलेला माणूस, बोटांची नखं अजून तपकिरी. फोटो हातात घेतला तो दोन्ही तळहातांवर, कडेने, तान्हं मूल घेतात तसा. पुढची बाजू जेमतेम बघितली न बघितली, लगेच उलटा केला आणि विचारलं, "मागं काय लिहिलंय?"

मी म्हणलं, पेन्सिलीने काहीतरी होतं, आता दिसत नाही.

"दिसत नाही म्हंजे गेलं असं नाही."

खिडकी लावून घेतली, दिवा बंद केला. एक साधी बॅटरी घेऊन ती पुठ्ठ्याच्या अगदी कडेला आडवी धरली, म्हणजे उजेड पुठ्ठ्यावरून घसरत गेला पाहिजे. शिसं पुसलं गेलं तरी पेन्सिल दाबून लिहिल्याची खाच राहते. त्या तिरप्या उजेडात खाचेत सावली धरली आणि ओळी वर आल्या. आईचं अक्षर. बुटकं, उजवीकडे कललेलं, वेलांटीला उगाच लांब शेपूट. सोळाही नावं, उभ्या रांगेतली आणि बसलेल्या रांगेतली वेगळी. ती इथं देत नाही, त्यांच्या घरची माणसं असतील. खाली "जाने. 46". आणि तिच्या स्वतःच्या नावाच्या जागी एवढंच: "डावीकडून तिसरी मी. रात्रपाळी उतरून."

मी तिथल्या स्टुलावर बसले. (दुकानात बसायला तेवढं एकच स्टूल आहे, ही तक्रार पुढे करणारच आहे.) ऐंशी वर्षं तो फोटो घरात होता आणि मला वाटायचं, आई फोटोत रुसल्यासारखी का दिसते.

सूनबाईंनी बॅटरी तशीच धरायला लावून त्या मागच्या बाजूचे कॅमेऱ्याने सहा फोटो काढले, उजेडाची दिशा बदलून बदलून. मग स्कॅनिंग. हे तुम्हाला करून घ्यायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा: दहा बाय बाराचा फोटो त्यांनी 600 डीपीआयला (एका इंचात 600 ठिपके) केला, पासपोर्टएवढे छोटे 1200 ला. फाइल जेपीजी नाही, टिफ. मोठ्या फोटोची एकच फाइल सव्वाशे एमबीच्या वर गेली, माझा जुना पेन ड्राइव्ह पुरला नाही. पुढची आणि मागची बाजू दोन्ही स्कॅन करतात, पैसे एकाच बाजूचे घेतात. मूळ फोटोला हात म्हणून लावत नाहीत. फुग्याने धूळ उडवायची, मऊ ब्रश फिरवायचा, संपलं. चिकटवणं, चीर जोडणं, रंग भरणं, जे काय करायचं ते कॉपीवर.

ती निळसर झाक मी बुरशी समजत होते. ते म्हणाले, "चांदी आहे ती. जुन्या फोटोतला काळा म्हंजे चांदीच असते. दमट हवेनं ती वर येती. पुसायला गेलात तर तुमची आईच पुसली जाईल." ट्रंक कुठे होती विचारलं. म्हणलं, मोरीच्या भिंतीला. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

दुरुस्ती करायच्या आधी सुनेने मला शेजारी बसवून स्क्रीनवर एकेक डाग दाखवून विचारलं. "काकू, हे काय आहे, डाग का खरंच तिथलं काही?" एकीच्या खांद्यावर काळा ठिपका होता तो ब्रूच निघाला. एकीच्या हातात पांढरी रेघ, ती चीर नव्हती, घडी केलेला रुमाल होता. आईच्या गालांवर आल्यावर मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "हे वण ना? ह्यांना हात लावत नाही." कसं ओळखलंस, म्हणलं. तर म्हणाली, "डाग फोटोवर असतो काकू, वण तोंडाबरोबर वळतो." मोठं करून दाखवलं. खरंच, गाल जिथे वळतो तिथे ते खळगेही चपटे होत गेलेले. छत्तीस वर्षं नोकरी करून मला हे शब्दांत सांगता आलं नसतं.

कसरीने खाल्लेला कोपरा मात्र त्यांनी भरला नाही. तिथे काय होतं ते माहीत नाही, मग मनाने पाय काढायचे कशाला, असं मालकांचं म्हणणं. प्रिंटमध्ये कोपरा तसाच खाल्लेला आहे. आमच्यातल्या एकीला ते आवडलं नाही, "पैसे घेऊन अर्धवट काम." मला उलट तेच पटलं.

फोटोतल्या बाई कोण, हे मालकांनी विचारलं तेव्हा गप्पा वाढल्या. मी सांगितलं, शिवमोग्याला जन्मलेल्या, मुंबईच्या ग्रँट मेडिकलच्या, 1919 ला लंडनची एम.डी. 1928 पासून 47 पर्यंत कामा हॉस्पिटलच्या प्रमुख. कामा 1886 पासूनचं, पण त्या खुर्चीवर बसलेल्या पहिल्या भारतीय बाई ह्याच. 1966 ला पद्मश्री. बेने इस्रायल होत्या, म्हणजे ज्यू.

"ज्यू? आपल्यातल्या?"

"आपल्यातल्याच. मराठी बोलणाऱ्या. झिराड हे अलिबागजवळचं गाव."

"अहो मग शनवार तेली म्हणा ना! माझं आजोळ रेवदंड्याचं. तिथं त्यांची मशीद आहे."

मशीद म्हणजे सिनेगॉग. कोकणात जुनी माणसं तसंच म्हणायची. रेवदंड्याचं 1842 चं आहे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली. राजपूरकर, पेणकर, दिवेकर, नवगावकर अशी गावावरून आडनावं. यातलेच डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर 1937 साली मुंबईचे महापौर झाले. बेने इस्रायल समाजातल्या कितीतरी मुली नर्स आणि शिक्षिका झाल्या. ही माहिती मला तरी आईमुळे तुकड्यातुकड्यांत होती, पण जिन्यावरच्या त्या खोलीत एक फोटोवाला ती अशी पूर्ण करेल असं वाटलं नव्हतं. तेव्हाच मनात आलं, आपलं प्रदर्शन नुसतं "थोर परिचारिका" छापाचं करायचं नाही. दरवर्षी त्याच दिवा घेतलेल्या बाई. यंदा झिराडबाईंपासून सुरुवात करायची आणि ज्यू डॉक्टर, नर्सा आणि वस्तीत जाऊन केलेलं आरोग्याचं काम, एवढेच फोटो लावायचे.

झिराडबाई घेण्याचं माझं स्वतःचं एक कारण होतं. 1937-38 मध्ये त्यांनी मुंबईत बाळंतपणात बायका का दगावतात याची चौकशी केली, तिचा अहवाल 1941 ला निघाला. आम्ही नोकरीत माता मृत्यू अन्वेषणाचे फॉर्म भरायचो. बाई गेली त्या घरात जायचं, सासूसमोर बसायचं, किती वाजता कळा सुरू झाल्या, गाडी किती वाजता मिळाली, पहिल्या दवाखान्यातून पुढे कधी पाठवलं, सगळं विचारायचं. घरचे म्हणायचे, आता विचारून काय उपयोग. मला हे काम कुणीतरी ऑफिसात बसून काढलेलं वाटायचं. ते आईच्या बाईंनी आमच्या कितीतरी आधी केलेलं निघालं.

बाकीचे नऊ फोटो भाच्याने परदेशी संग्रहालयांच्या साइटवरून उतरवले. इथे मालकांनी दोन गोष्टी केल्या ज्या मी कुठल्याच दुकानात बघितल्या नव्हत्या. पहिली, प्रत्येक फोटो वापरायची मोकळीक आहे का विचारलं. लंडनच्या वेलकम कलेक्शनच्या बऱ्याच जुन्या फोटोंवर ती सरळ लिहिलेली असते आणि फाइलही मोठी मिळते. पोलंडकडचे फोटो यात बरेच गळाले, दोनच राहिले. दुसरी, भाच्याने आळस करून एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला त्यांनी बघताक्षणी ओळखला. "हा बारा बाय अठरा होत नाही. सहा बाय आठ करून देतो, भोवती पांढरा माउंट रुंद सोडतो. मोठा पाहिजे असेल तर पोराला मूळ फाइल आणायला सांगा." मूळ फाइल मिळाली नाही, सहा बाय आठच केला. प्रदर्शनात लोक त्याच्याजवळ जाऊन, वाकून बघत होते. मोठ्यांपुढून भराभर जायचे.

तो फोटो हाफकिनांचा. कलकत्ता, मार्च 1894, वस्तीतल्या लोकांच्या घोळक्यात कॉलऱ्याची लस टोचताना. हाफकिन ओडेसाचे ज्यू, पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत काम करून हिंदुस्थानात आलेले. माझं लक्ष त्यांच्याकडे नंतर गेलं, आधी आजूबाजूच्यांकडे. टोचणाऱ्याकडे कुणी बघत नाही, सगळे टोचून घेणाऱ्याकडे बघतात, हे मी शाळांच्या व्हरांड्यात हजार वेळा बघितलंय. पुढचा नंबर ज्याचा असतो तो कायम दुसरीकडे बघत असतो.

प्लेगचे चार लावले. 1896-97 ची मुंबई, बंबाच्या पाण्याने धुतली जाणारी घरं, प्लेगची इस्पितळं, छावण्या. हाफकिनांनी ग्रँट मेडिकलच्या एका खोलीत प्लेगची लस बनवली आणि 10 जानेवारी 1897 ला आधी स्वतःला टोचून घेतली. त्याखालच्या मजकुरात मी आणखी एक तारीख घातली. 10 मार्च 1897. आपल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले त्या दिवशी पुण्यात प्लेगने गेल्या. मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात प्लेगचा रोगी पाठीवर घालून नेला होता त्यांनी. दोन तारखांमध्ये बरोबर दोन महिने. मजकूर टाइप करताना सूनबाई थांबली, कॅलेंडरकडे बघून बोटं मोजली आणि म्हणाली, "लस होती तेव्हा?" होती, म्हणलं, पण नुकतीच. ती पुढे काही न बोलता टाइप करत राहिली.

हाफकिनांचं सगळं गोड गोड लिहायचं नाही, हेही ठरवलं होतं. 1902 ला पंजाबात मुलकोवाल गावी लस टोचलेली 19 माणसं धनुर्वाताने गेली. एकाच बाटलीतली लस दूषित झालेली. खापर हाफकिनांवर फुटलं, निर्दोष ठरायला 1907 उजाडलं. एका बाटलीने काय होतं हे आम्हा लसवाल्यांना कुणी शिकवायला नको. झोपेत सुद्धा बाटलीवरची तारीख वाचायची सवय लागते. परळच्या संस्थेला त्यांचं नाव 1925 ला दिलं, ती पाटी तर सर्पदंशाच्या इंजेक्शनमुळे आमच्या डोळ्यांपुढे रोजच असायची.

पुण्याच्या ससूनचा एक जुना फोटो ठेवला, कारण साताऱ्यातून ज्याला पुढे पाठवतात त्याला ससूनलाच पाठवतात, आणि तो शब्द एका बगदादी ज्यू व्यापाऱ्याचं आडनाव आहे हे आमच्यातल्या निम्म्या जणींना माहीत नव्हतं. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलं, 1867 ला सुरू झालं. "ससूनला न्या" हे वाक्य मी किती नातेवाइकांना सांगितलं असेल, देव जाणे.

पोलंडच्या दोन फोटोंखालच्या मजकुराच्या पट्टीवरून दुकानात हसू झालं. सूनबाई विचारते, "काकू, हे 'ओझे' म्हंजे कसलं ओझं?" ते संस्थेचं नाव. 1912 साली रशियात सेंट पीटर्सबर्गला ज्यू डॉक्टरांनी काढलेली आरोग्य संस्था, रशियन नावाची आद्याक्षरं घेऊन ओझे. 1921 ला तिची पोलंडमधली बहीण निघाली, ती तोझ. पुढे ओझेचं ऑफिस बर्लिनला गेलं तेव्हा आइन्स्टाइन मानद अध्यक्ष होते. पण आपल्याला त्यांचं काम महत्त्वाचं. तान्ह्यांची वजनं घेणं, दूध वाटणं, खुपऱ्या आणि डोक्यातला नायटा हटवणं, शाळेतल्या पोरांची तपासणी, उन्हाळी शिबिरं, दारोदार फिरणाऱ्या नर्सा. पट्टी वाचली तर वाटावं, पाटणच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा मासिक अहवाल. फोटोतला वजनकाटा सुद्धा ओळखीचा. मूल झोळीत नाही तर परडीत, एवढाच फरक. आणि आई सगळीकडे तीच: हात पुढे, अर्धी वाकलेली, मूल पडेल म्हणून.

विल्नाचे (आताचं लिथुआनियातलं विल्निअस) डॉ. झेमाख शाबाद यांच्याबद्दल दोन ओळी घातल्या. तिथे त्यांचा पुतळा आहे, समोर एक मुलगी मांजर घेऊन उभी. त्या गावात पोरं मांजरसुद्धा दाखवायला डॉक्टरांकडे आणायची म्हणे. आमच्याकडे शेळी आणायचे.

आणि एका पट्टीला फोटोच लावला नाही. 1942 मध्ये वॉर्सा घेट्टोतल्या, म्हणजे नाझींनी भिंत घालून ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतल्या, ज्यू डॉक्टरांनी, स्वतः उपाशी असताना, उपासमारीने माणसाच्या शरीराचं काय होतं याच्या नोंदी ठेवल्या. कागद भिंतीबाहेर पोचवले, डॉक्टर बहुतेक सगळे मारले गेले, नोंदी युद्धानंतर छापल्या गेल्या. तिथे मालकांनी विचारलं, फ्रेम रिकामी ठेवायची का. मी म्हणलं नको, नाटकी होतं. नुसता कागद लावू.

आता तक्रारी, कारण मी पाचपैकी चारच स्टार देणार आहे.

आठ दिवस सांगितले, तेवीस लागले. 12 मेचं प्रदर्शन, 11 ला संध्याकाळी सात वाजता फ्रेमा मिळाल्या, त्याही रिक्षात मांडीवर घेऊन. फोन उचलत नाहीत. दुपारी एक ते साडेचार दुकान बंद, हे दारावर लिहिलेलं नाही, जिना चढून गेल्यावर कुलूप दिसतं. प्लेगच्या फोटोंचे पहिले प्रिंट इतके काळे आले की रात्री काढल्यासारखे वाटत होते. ते मात्र कुरकुर न करता पुन्हा काढून दिले. सनबोर्डवरच्या एका पट्टीवर "झिराड"चं "जिरड" झालं होतं. नशीब मी तिथेच वाचलं. आईने बघितलं असतं तर ती मलाच ओरडली असती, त्यांना नाही. एका फ्रेमचं हूक प्रदर्शनात तासाभरात निघालं, काच वाचली ती खाली सतरंजी होती म्हणून. साध्या काचेवर हॉलच्या ट्यूबलाइट अशा चमकतात की मधल्या रांगेतले चेहरे दिसत नाहीत. न चमकणारी काच हवी का, हे आधी विचारायला हवं होतं. आणि ते स्टूल. एकच.

पैसे सगळे खुलासेवार लिहिते, कारण "वाजवी" या शब्दाला अर्थ नसतो. चार फोटोंचं स्कॅनिंग 150 प्रमाणे 600. मोठ्याची दुरुस्ती 1,200, बाकी तिघांची 300 प्रमाणे 900. बारा बाय अठराचे बारा प्रिंट 220 प्रमाणे 2,640, छोटा एक 80. तेरा फ्रेमा 650 प्रमाणे 8,450. एकूण 13,870. वरचे सत्तर सोडले. पट्ट्या टाइप करून छापल्या त्याचे पैसे मी विचारूनही घेतले नाहीत, "ते वाचायला मिळालं की" म्हणाले. अ‍ॅडव्हान्स पाच हजार घेतात, पावती हाताने लिहून देतात. गुगल पे चालतं.

मूळ फोटो परत देताना त्यांनी तो साध्या पांढऱ्या कागदाच्या पाकिटात घातला आणि पाकिटावर काय काय लिहायचं ते मलाच लिहायला लावलं. फोटो आत घालायच्या आधी, आणि बॉलपेनने नाही, पेन्सिलीने. कोण, कुठे, कधी, आणि हे तुम्हाला कसं माहीत. चौथ्या प्रश्नावर मी जरा थांबले. मग लिहिलं, "आईच्या अक्षरात मागे आहे. तिरप्या उजेडात वाचावं."

ट्रंक आता मोरीच्या भिंतीपासून हलवली आहे.

तुम्ही जाणार असाल तर सोमवार सोडून जा, सकाळी अकरानंतर. फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेऊ नका, अल्बमला चिकटलेले असतील तर ओढून काढू नका, अल्बमच घेऊन जा. गठ्ठ्याला रबरबँड लावून तर अजिबात नेऊ नका. माझ्यासमोर एक गृहस्थ तसा गठ्ठा घेऊन आले होते, त्यांना जिन्यातच उभं करून दहा मिनिटं ऐकवलं.